पहिलं पिस्तूल आणि दचकणारा हात

दहा मीटरच्या रेंजवर नवखा नेमबाज पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा अनुभवी प्रशिक्षक निशाणाच्या कागदाकडे बघतच नाही. तो बघतो चेहऱ्याकडे. पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी असते. उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे, हातात साधारण एक किलोचं एअर पिस्तूल. आधी तिचा खांदा हळूच कानाकडे चढतो. मग ओठ आवळले जातात. मुठीवर दाबलेल्या अंगठ्याचं नख पांढरं पडतं. आणि छर्रा सुटण्याच्या एक क्षण आधी दोन्ही पापण्या घट्ट मिटतात. ‘टप्’ असा आवाज येतो. दाराची कडी लागावी एवढाच. कागद मोटरवर सरकत जवळ येतो आणि छिद्र सापडतं काळ्या गोलाच्या बाहेर, खाली डावीकडे. घड्याळात सात वाजता तासकाटा असतो, त्या दिशेला.

उजव्या हाताच्या घाबरलेल्या नेमबाजाचे छर्रे बहुतेक तिथेच जातात. बोटांनी मूठ आवळली, मनगटानं येणाऱ्या धक्क्याला आधीच खाली दाबलं, की नळीचं तोंड तिकडेच वळतं.

मागे बाकावर आईवडील बसलेले असतात. सराव संपला की वडील पुढे येऊन विचारतात, “सर, हिच्यासाठी पहिलं पिस्तूल कुठलं घ्यावं?” त्यांच्या मोबाइलवर दोन-तीन फोटो तयार असतात. ऑलिंपिकमध्ये कुणाच्या हातात काय होतं, ते त्यांनी शोधून ठेवलेलं असतं. प्रश्न प्रेमापोटी असतो आणि बरोबरही असतो. फक्त त्याचं उत्तर त्या फोटोंत नसतं, बाकावर बसून रुमालानं तळहात पुसणाऱ्या मुलीच्या हातात असतं.

आधी दचकण्याचं गणित समजून घेतलं पाहिजे. अचानक आवाज झाला की माणसाची पापणी मिटायला सेकंदाचा साधारण विसावा-तिसावा भाग लागतो. एअर पिस्तुलाचा चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत जाणारा वेळ त्याहून खूपच कमी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतबाहेरचा. म्हणजे आवाजाला माणूस दचकतो, तोपर्यंत छर्रा निघून गेलेला असतो. त्या दचकण्यानं नेम बिघडूच शकत नाही. बिघडवतं ते आधीचं दचकणं: ‘आता आवाज होणार, आता झटका बसणार’ या धास्तीनं चाप सुटण्यापूर्वीच आवळलेली मूठ. पहिल्या पिस्तुलाकडून हवं ते एवढंच, की त्यानं शरीराला धास्ती धरायचं कारण देऊ नये. वेग, दिखाऊपणा, नामवंत कंपनीचा शिक्का हे सगळं नंतर.

याच कारणासाठी भारतात पिस्तूल नेमबाजीची सुरुवात जवळजवळ सगळीकडे एअर पिस्तुलानं होते, आणि कायदाही त्याला अनुकूल आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आगेमागे वेगानं जातो. त्याची ऊर्जा जेमतेम सहा जूल भरते. मर्यादेच्या निम्मीसुद्धा नाही. ज्याला रेंजवर ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात, ते बारुदाच्या काडतुसाचं पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. पंचवीस मीटरच्या स्पर्धा त्याच पिस्तुलानं होतात. घाबरणाऱ्या नवख्यानं तिकडे वळायची घाई अजिबात करू नये. त्या पिस्तुलाचा आवाज खरा असतो, झटका छोटा असला तरी खरा असतो, आणि शेजारच्या लेनवरच्या माणसाच्या गोळीनंही आपण दचकतो.

हवेचं पिस्तूल खेळणं नाही, हेही इथेच सांगायला हवं. सहा जूल डोळा घालवायला पुरेसे आहेत. नळीचं तोंड कायम निशाणाकडे, चापावर बोट नेम धरल्यावरच, आणि पिस्तूल खाली ठेवलं की नळीतून भडक रंगाची सुरक्षा दोरी आरपार घातलेली. ती दोरी दिसली, की पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही कळतं. भित्र्या माणसाला हे नियम ओझं वाटत नाहीत, उलट आधार वाटतात. कारण आजूबाजूचा प्रत्येक जण तेच पाळताना दिसतो.

आता वजनाचा प्रश्न. घाबरणाऱ्या माणसाला, त्यातही बाईमाणसाला, हलकं आणि छोटं हत्यार द्यावं, हा समज सगळ्या जगात आहे. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं २०१४ च्या सुरुवातीला ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. महिलांसाठीचं म्हणून त्याची जाहिरात झाली, दिल्लीतल्या २०१२ च्या ‘निर्भया’ घटनेच्या आठवणीशी त्याचं नाव जोडलं गेलं, आणि त्याची खासियत म्हणून सांगितलं गेलं ते वजन: टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे फक्त ५०० ग्रॅम. पर्समध्ये बाळगायला ते सोयीचं, हे खरंच. पण नवख्याला गोळी झाडायला शिकवायचं असेल, तर हलकेपणा उलटा अंगावर येतो. गोळी पुढे जाताना हत्याराला मागे ढकलते. गोळी तीच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, की ते दुप्पट वेगानं तळहातावर आदळतं. अमेरिकेत पहिल्या पिस्तुलाचा सल्ला देताना अनुभवी प्रशिक्षक खिशात मावणाऱ्या हलक्या रिव्हॉल्व्हरऐवजी जड, लांब नळीचं पॉइंट टू-टू पुढे करतात, ते याच हिशेबानं. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगावं का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. परवाना, जबाबदारी, घरातली मुलं हे सगळं त्यात येतं. इथे मुद्दा शिकण्याचा आहे, आणि शिकताना वजन हा मित्र असतो.

अर्थात मित्रही झेपेल एवढाच हवा. स्पर्धेच्या नियमांत एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं, पण प्रत्यक्षात बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. साठ नेम धरायचे, तेही एका हातानं, ७५ मिनिटांत. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही, मनगटाला पट्टा चालत नाही. बारीक हाडाच्या मुलामुलींना सुरुवातीला विसाव्या नेमालाच खांदा भरून येतो आणि थकलेला हात थरथरला की भीती परत डोकं वर काढते. म्हणून मोरिनी, फाइनवेर्कबाऊ अशा कंपन्या आपल्या नावाजलेल्या पिस्तुलांच्या आखूड आवृत्त्याही काढतात. त्यांची नळी आणि हवेचा सिलिंडर तोकडा असतो, वजन थोडं कमी, आणि तोलही हाताच्या जवळ येतो. कागदावरच्या एकूण वजनापेक्षा हा तोल जास्त महत्त्वाचा. दोन पिस्तुलं तराजूवर सारखीच भरतात, पण एकाचं नाक खाली ओढतं आणि दुसरं हातात बसून राहतं. दुकानात किंवा क्लबात पिस्तूल हातात घेऊन अर्धं मिनिट हात सरळ ठेवला, की हा फरक सांगावा लागत नाही.

हवा भरण्याच्या पद्धतीवरून पिस्तुलांच्या जाती पडतात. स्प्रिंगच्या साध्या पिस्तुलात चाप सुटला की आत जड पिस्टन धावतो, त्यामुळे छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलतं. घाबरणाऱ्या हाताला हेच नको असतं. फाइनवेर्कबाऊनं १९६५ च्या आपल्या पिस्तुलात हा झटका गिळण्यासाठी वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकेल अशी रचना केली होती. ते पिस्तूल जुन्या क्लबांत अजून सांभाळलेलं आढळतं. रशियाच्या इझेव्स्कमधलं इझ-४६एम हे दांडा एकदाच ओढून हवा दाबायचं पिस्तूल. त्यात झटका जवळजवळ नाहीच, पण दर नेमाआधी तो लांब दांडा ओढायला दंडात जोर लागतो. साठ वेळा ओढून झालं की नेम धरायचा हातच दमलेला असतो. आज स्पर्धेत जवळपास सगळे वापरतात ती आधीच दाबलेल्या हवेची पिस्तुलं. त्यांच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरतात आणि एका भरण्यात दीडशेच्या आसपास छर्रे सहज निघतात. छर्रा ठेवायचा, छोटी कळ ओढायची, नेम धरायचा. अंगमेहनत नाही, झटका नावापुरता. स्टायरसारख्या पिस्तुलांत तर उरलासुरला झटका शोषून घ्यायला आत एक छोटं वजन उलट्या दिशेनं धावतं. परवडत असेल, तर घाबरणाऱ्या नवख्यासाठी हीच जात.

यातही एक फाटा आहे: चाप यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक चाप काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटतो, आणि छर्रा न घालता सराव करतानाही खऱ्यासारखाच सुटतो. पण तो बॅटरीवर आणि सर्किटवर चालतो. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात भारताच्या मनू भाकरच्या बाबतीत काय झालं, ते नेमबाजी बघणारे विसरलेले नाहीत. पात्रता फेरी सुरू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वीस मिनिटांच्या आसपास वेळ गेला आणि उरलेले नेम तिला घाईनं पुरे करावे लागले. ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये, तिनं याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं. २२१.७ गुणांवर ती थांबली तेव्हा रौप्याच्या लढतीपासून ती फक्त ०.१ गुणानं दूर होती. जगात सर्वोत्तम गणल्या जाणाऱ्या यंत्राचाही घात होऊ शकतो, हे त्या टोकियोच्या दिवसानं दाखवलं. नवख्यासाठी साधा यांत्रिक चाप बरा. बिघडला तर क्लबातला जाणकार माणूस तो उघडून बघू शकतो, आणि बॅटरी संपली असेल का, ही एक काळजी कमी होते.

चापाच्या वजनाला नियम आहे. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलला पाहिजे. स्पर्धेआधी तपासनीस नळी उभी धरतो, चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवतो आणि ते उचलतो. चाप सुटला तर पिस्तूल बाद. बहुतेक चाप दोन टप्प्यांचे असतात. पहिल्या टप्प्यात बोट सरकत एका भिंतीशी जाऊन टेकतं. मग थोडा आणखी दाब दिला की सुटतं. घाबरणाऱ्या माणसाला वाटतं, चाप जितका हलका तितकं बरं. प्रत्यक्षात फार हलका चाप त्याला आणखी घाबरवतो, कारण बोट नुसतं टेकलं तरी सुटेल ही धास्ती. पहिला टप्पा जड आणि दुसरा हलका असा बसवला, की बोटाला ‘आता भिंत आली’ हे नीट कळतं. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या चापाला यासाठी बारीक स्क्रू असतात. विकत घेताना विचारायचं ते हेच, की हे स्क्रू किती मोकळे आहेत, चापाचं पातं मागेपुढे सरकतं का. लहान हाताच्या मुलीचं बोट चापापर्यंत पोचतच नसेल, तर ती पिस्तूल हातात फिरवून धरते, आणि मग नेम कधीच सरळ बसत नाही.

खरं लक्ष मात्र द्यायचं ते मुठीकडे. पिस्तुलाचं पोलाद कारखान्यात तयार होतं. मूठ हातात तयार होते. ती सहसा अक्रोडाच्या लाकडाची असते, लहान-मध्यम-मोठ्या मापांत मिळते, डावखुऱ्यांची वेगळी. खाली तळहात टेकायला एक फळी असते, ती वरखाली करता येते. नियमाप्रमाणे मुठीनं हाताला वेढा घालता येत नाही आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. एवढी मर्यादा सोडली, तर लाकूड घासून, भरून, हवं तसं बदलता येतं. मूठ जुळते की नाही, हे बघायची एक जुनी कसोटी आहे. डोळे मिटायचे, पिस्तूल सहज धरायचं, हात वर न्यायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट, जिला जुन्या शिकाऱ्यांच्या मराठीत माशी म्हणत, मागच्या खाचेत मधोमध बसलेली दिसली, तर मूठ आपली. ती डावीकडे गेली असेल, तर तळहाताच्या गादीशी लाकूड कमी-जास्त करायला हवं. खाली बुडाली असेल, तर मुठीचा कोन चुकतोय.

क्लबात हे काम चालतं तेव्हा बघण्यासारखं असतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. बारीक कानस, सॅंडपेपर, लाकडाच्या भुशाचा पिवळसर ढीग. करंगळीच्या खाली पोकळी राहत असेल, तर तिथे लेप भरतात, ओला असतानाच हात दाबून ठसा उमटवतात, आणि वाळल्यावर तळव्याच्या रेषासुद्धा त्यात दिसतात. दोन मिलिमीटर लाकूड गेलं की मुलगी म्हणते, “आता बोटं आपोआप बसतात.” ‘आपोआप’ हा शब्द ऐकला की प्रशिक्षक कानस ठेवून देतो. हाताला पकड आवळावी लागली नाही, की दचकायला जागाच उरत नाही. मूठ आवळली की थरथर वाढते, सैल सोडली की पिस्तूल घसरतं. नीट घासलेली मूठ या दोन्हींमधली जागा हाताला शोधून देते.

या मुठीच्या नादात लोक एक गोष्ट तपासायची विसरतात: डोळा. उजव्या हाताच्या काही माणसांचा प्रभावी डोळा डावा असतो. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून लांबच्या एखाद्या खिळ्याकडे बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना खिळा त्रिकोणातून हलत नाही, तो प्रभावी डोळा. उजव्या हाताची मूठ घेतल्यावर हे कळलं, तर पैसे गेले. हात बदलणं अशक्य नसतं, हे हंगेरीच्या कारोय टाकाचनं कधीच दाखवून दिलंय. १९३८ मध्ये लष्करी सरावात सदोष हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं नेमबाजी पहिल्यापासून शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जलद गती पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. नवख्याला एवढा पराक्रम करावा लागत नाही. पहिल्याच आठवड्यात डोळा तपासला म्हणजे झालं.

साइट्सबद्दल थोडं गणित. दहा मीटरवरच्या निशाणातला दहाचा गोल ११.५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असतं. हात सगळाच्या सगळा एक सेंटीमीटर बाजूला सरकला, पण माशी खाचेत मधोमध राहिली, तर छर्राही एकच सेंटीमीटर बाजूला लागतो आणि नऊ गुण मिळतात. माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर निशाणावर तीन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि गुण सातावर येतात. घाबरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगितलं, की त्याचा निम्मा ताण उतरतो. हात हलणारच. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही तो हलतो. हलू द्यायचा, आणि नजर माशीवर ठेवायची. म्हणून पहिल्या पिस्तुलाची माशी रुंद आणि खाच मोकळी असावी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या उजेडाच्या स्पष्ट पट्ट्या दिसतील अशी. आजच्या बहुतेक चांगल्या पिस्तुलांत माशीची रुंदी बदलता येते.

पैशांचं काय? परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल आयात करून लाखाच्या वर जातं. वॉल्थर, स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीतली. पगारदार घराला हा खर्च सोपा नाही, आणि मूल सहा महिन्यांत कंटाळलं तर? म्हणून खरं उत्तर बहुतेक वेळा असं, की पहिलं पिस्तूल विकत घेऊच नका. क्लबाचं वापरा. पुण्याच्या बालेवाडीत, मुंबईत वरळीला, पनवेलला, कोल्हापुरात मुलं अशीच शिकत आली आहेत. एकाच पिस्तुलावर चार मुलं, मूठ दर वेळी बदलायची, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. तीन-चार महिने क्लबाचं पिस्तूल हाताळल्यावर मुलाला स्वतःलाच कळतं, त्याचा हात काय मागतो. मग जुनं, वापरलेलं पिस्तूल बघावं. चांगल्या पिस्तुलाची नळी लाखो छर्रे सोसते, तिची काळजी नको. तारीख बघायची ती हवेच्या सिलिंडरची. त्यावर बनवल्याचा दिवस कोरलेला असतो, आणि बहुतेक कंपन्या दहा वर्षांनी तो बदलायला सांगतात. स्पर्धेत सिलिंडरची मुदत संपलेली नाही, ही जबाबदारी नेमबाजाची स्वतःची असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाचा सिलिंडर बाद निघाला, की स्वस्ताई संपली.

छर्रे स्वस्त घेऊन चालत नाही. स्पर्धेचे छर्रे चपट्या तोंडाचे असतात, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, एवढ्या फरकानंही काही नळ्यांत कागदावरच्या छिद्रांचा गट फुटतो. हे छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, ही सवय लहान मुलांना पहिल्या दिवसापासून लावायला हवी. तोंडात छर्रा धरून ठेवणारी मुलं दिसतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे.

कोल्हापूरचं नाव वर आलं, ते सहज आलेलं नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही सगळी त्या जिल्ह्याची माणसं. राही पिस्तुलाची. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात जलद फेरीत निशाण तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद जातं. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणून गोळी सोडायची असते. तिथे खराखुरा आवाज आणि खराखुरा झटका असतो, तरी हाताला त्यांची वाट बघायला वेळच नसतो. एअर पिस्तुलावर महिनोन्महिने धीर मिळवलेला हात तिथे कामाला येतो. रेंजवरची शिडी अशीच चढायची असते: आधी हवा, मग पॉइंट टू-टू. पहिली पायरी गाळून थेट अग्निशस्त्र हातात घेतलेली मुलं बरेचदा वर्षभर ते आधीचं दचकणं विसरण्यातच घालवतात.

घाबरणाऱ्या नवख्याच्या पहिल्या महिन्याचा बहुतेक सराव छर्र्याविना होतो. त्याला रेंजवर ‘ड्राय’ म्हणतात. पिस्तूल रिकामं, नजर माशीवर, चाप सुटतो, आणि सुटल्यानंतरही हात तसाच धरून ठेवायचा. चाप सुटताना माशी किंचितही हलली, तर ते डोळ्याला दिसतं, कारण आवाज नाही आणि पापणी मिटलेली नाही. घरी भिंतीवर कोरा कागद लावून हे दिवसाला वीस मिनिटं करता येतं. तिथेही पिस्तूल रिकामं असल्याची खात्री दोनदा करायची आणि त्या खोलीत दुसरं कुणी नको. नंतर रेंजवर प्रशिक्षक अधूनमधून छर्रा स्वतः भरतो, कधी भरल्याचं नाटक करतो. मुलीला कळत नाही, या वेळी छर्रा आहे की नाही. नसताना मूठ आवळली गेली, तर पिस्तूल तिच्यासमोरच खाली झुकतं. दोन-तीनदा असं झालं की ती स्वतःच हसते. चौथ्या वेळेला झुकत नाही.

एवढं झाल्यावर भीती जात नाही, जागा बदलते. आवाजाची भीती मावळली की गुणांची येते. आता प्रत्येक छर्रा सुटल्याबरोबर मुलगी मान लांब करून कागद बघते, सात आला की ओठ चावते, आठ आला की पुढचा नेम घाईत धरते. यावर बाजारात कुठलंही पिस्तूल मिळत नाही. म्हणून अनुभवी प्रशिक्षक निशाणाचा कागद उलटा लावतो. समोर काळा गोल नाही, आकडे नाहीत, नुसता पांढरा चौकोन. तिनं मधोमध नेम धरायचा आणि दहा छर्रे सोडायचे, एवढंच. तो कागद काढून टेबलावर ठेवला की छिद्रांचा गट दिसतो. पहिल्या दिवशी पसरलेल्या हाताएवढा, काही आठवड्यांनी बशीएवढा. एके दिवशी तो वाटीच्या तोंडाएवढा होतो, तेव्हा प्रशिक्षक तिला काही न सांगता कागद सुलटा लावतो आणि मागच्या बाकावर वडिलांशेजारी जाऊन बसतो.